घरात बचनाग असेल किंवा चिनी काढ्याची पुडी आली असेल, तर काय करायचं

नागपुरात थंडी पडली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दोन प्रश्न ठरलेले असतात. एक म्हणजे, "गुडघ्यासाठी चिनी काढ्याची पुडी मागवली ऑनलाइन, किती वेळ उकळायची?" आणि दुसरा, "इतवारीतून बचनाग आणला आहे, तेलात टाकू का दारूत भिजवू?" दोन्ही प्रश्नांत वस्तू जवळपास एकच आहे हे विचारणाऱ्याला माहीत नसते, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवून राहिलो. लांब आहे, पण घरात म्हातारी माणसं किंवा लहान लेकरं असतील तर पूर्ण वाचा, आणि वेळ नसेल तर निदान जीभ झिणझिणल्यावर काय करायचं तो भाग आधी वाचून घ्या.

आधी वस्तू ओळखू. बचनाग म्हणजे वत्सनाभ, हिमालयात 3000 मीटरच्या वर वाढणाऱ्या अकोनिटम नावाच्या झाडांचं मूळ. आपल्याकडे विदर्भात ते उगवत नाही, बाजारात येते ते सगळं वरून वाळून आलेलं. इतवारीत किराणा ओळीच्या बाजूला जडीबुटीच्या दुकानात हिंदीच जास्त चालते, तर तिथे तेच मूळ मीठा तेलिया, मीठा विष, सिंगिया अशा नावांनी मिळते, त्यामुळे आजीने सांगितलेलं नाव आणि दुकानदाराने पुडीवर लिहिलेलं नाव वेगळं असलं तरी आतलं सामान एकच असू शकते. चीनमध्ये याच घराण्यातलं अकोनिटम कार्मायकेली नावाचं झाड आहे, सिचुआन प्रांतात त्याची शेतीच करतात, जियांगयोउ नावाचा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या मधल्या मुख्य मुळाला छुआनवू म्हणतात आणि त्याच्या बाजूला जी पिल्लं मुळं फुटतात त्यांना फूझी. तिसरं एक आहे, त्साओवू, ते अकोनिटम कुस्नेझोफी नावाच्या जंगली जातीचं. चिनी वैद्यकात फूझी जवळपास दोन हजार वर्षांपासून वापरून राहिले, अंग गार पडणं, थंडीने सांधे धरणं, अशक्तपणा यासाठी. म्हणजे हे काही भोंदू औषध नाही, आयुर्वेदातही नाही आणि चीनमध्येही नाही. दोन्हीकडच्या जाणकारांनी याला विष म्हणूनच नोंदवलं आणि विष म्हणूनच हाताळलं, शोधन म्हणजे भिजवून-उकळून विष कमी केल्याशिवाय हात लावला नाही. आपल्याकडे नेमकी तीच पायरी गाळून लोक वापरून राहिले, माझी सगळी चिंता तेवढीच आहे.

विष काय करते ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटते. मुळात अकोनिटिन, मेसअकोनिटिन, हायपअकोनिटिन अशी अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली तीव्र रसायनं, असतात. आपल्या हृदयाच्या आणि नसांच्या पेशींवर सोडियम चॅनल असतात, ठोका पडताना ते उघडतात आणि लगेच बंद होतात. अकोनिटिन तिथे जाऊन चिकटते आणि चॅनल बंदच होऊ देत नाही. मग नसा आधी झिणझिणतात आणि नंतर बधिर होतात, हृदयाचे ठोके भलतीकडूनच सुटायला लागतात, बीपी पडते, आणि शेवटी हृदय नुसतं थरथरत राहते, रक्त ढकलत नाही. शुद्ध अकोनिटिन साधारण 2 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी मोठ्या माणसाचा जीव जाऊ शकते, मोहरीचा एक बारका दाणा जवळपास तेवढ्याच वजनाचा असतो. मुळात किती अकोनिटिन आहे हे जात, जागा, काढणीचा महिना यावर खूप बदलते, म्हणून "मागच्या वेळी एवढंच घेतलं होतं, काही झालं नाही" याला काही अर्थ नाही. यावेळची पुडी वेगळ्या डोंगराची असते.

मग शोधनाने काय होते? पाण्यात बराच वेळ भिजवलं आणि उकळलं की अकोनिटिन तुटते, त्याचं आधी बेंझोइलअकोनिन आणि मग अकोनिन होते, आणि ही दोन्ही मूळ विषापेक्षा शेकडो पटींनी सौम्य असतात. आयुर्वेदात तुकडे गोमूत्रात तीन दिवस भिजवतात नाहीतर पुरचुंडीत बांधून दुधात लटकवून म्हणजे दोलायंत्राने शिजवतात, चीनमध्ये मिठाच्या खारात भिजवणं, उकळणं, वाफवणं अशा पायऱ्या असतात आणि त्यातून काळ्या चकत्या, पांढऱ्या चकत्या असे वेगवेगळे प्रकार निघतात. त्यानंतरही चिनी फार्माकोपियात म्हणजे तिथल्या औषधांच्या सरकारी ग्रंथात फूझीचा डोस 3 ते 15 ग्रॅम असाच धरलेला आहे आणि वर सूचना आहे की काढ्यातली बाकीची औषधं टाकायच्या आधी हे एकटंच खूप वेळ उकळायचं. म्हणजे कारखान्यातून शुद्ध होऊन आलेल्या मालावरसुद्धा ते विश्वास टाकत नाहीत.

हे वाचून कोणी म्हणेल, बरं मग आपणही घरी तासभर उकळू. नका उकळू. का ते सांगतो. हातातला तुकडा कच्चा आहे का शुद्ध हे डोळ्याने कळत नाही. शुद्ध केलेलं मूळ तोडलं तर आतून शिंगासारखं तपकिरी चिवट दिसते आणि कच्चं पांढरं पिठूळ, असं सांगतात, पण धुरावर वाळवलेलं कच्चं मूळही आतून तपकिरी होते, त्यामुळे ही खूण भरवशाची नाही. तुकडे जाड असले की मध्यापर्यंत उष्णता पोचत नाही, भांड्यात पाणी कमी झालं की वर राहिलेले तुकडे तसेच राहतात, आणि गॅसवर दोन तास लक्ष देणारं घरात कोण असते? कारखान्यात प्रत्येक बॅचची अल्कलॉइड मोजणी होऊ शकते, घरी मोजणारं काही नाही. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ज्या दुधात किंवा पाण्यात मूळ शिजवलं त्यात विष उतरलेलं असते. ते दूध मोरीत ओतलं तर ठीक, पण अंगणात ओतलं आणि कुत्र्याने चाटलं, गाय तोंड लावून गेली, मग?

काही जुने लोक जिभेवर टेकवून पाहतात, मुंग्या आल्या तर अस्सल बचनाग. ही पारख अजिबात करायची नाही. जिभेला मुंग्या येणं हे विषबाधेचंच पहिलं लक्षण आहे, तुम्ही परीक्षा नाही घेऊन राहिले, डोस घेऊन राहिले.

दारूत भिजवणं तर सगळ्यात वाईट. दारूत अकोनिटिन छान उतरते पण तुटत नाही, कारण तोडायला पाण्यात लांब उकळी लागते. चीनमध्ये आणि हाँगकाँगमध्ये ज्या गंभीर केसेस होतात त्यात मुळं भिजवलेली औषधी दारू पिणारे बरेच असतात, काही तर मालिश करायला ठेवलेली बाटली चुकून पिणारे. आपल्याकडे गावाकडे मोहाच्या दारूत जडीबुटी टाकून ठेवायची सवय आहे, सांधेदुखीला म्हणून, आणि बाटलीवर काही लिहिलेलं नसते. अशी बाटली घरात असेल आणि आत काय टाकलंय हे टाकणाऱ्याला विचारता येत नसेल तर ती ठेवू नका.

आता घर तपासायची पद्धत. एका दुपारी बसा आणि तीन जागा पहा: देवघराशेजारचा औषधाचा डबा, स्वयंपाकघरातली गुटीची पेटी, आणि आजी-आजोबांची पिशवी, ज्यात तेलाच्या बाटल्या, चूर्णाच्या पुड्या, कोणीतरी दिलेल्या गोळ्या असतात. बाहेर काढून टेबलावर मांडा. मूळ कसं दिसते तर बोटाच्या दोन पेरांएवढं, वर जाड आणि खाली निमुळतं, बाहेरून काळपट तपकिरी, सुरकुतलेलं, अंगावर तुटलेल्या बारीक मुळ्यांचे टोचरे खुंट. सुंठेसारखे फाटे त्याला नसतात. चिनी चकत्या असतील तर त्या पातळ कापलेल्या, काळपट किंवा पिवळट, उजेडात धरल्या तर थोड्या पारदर्शक, वाळलेल्या बटाट्याच्या चकतीत आणि यांच्यात अनोळखी माणूस सहज गफलत करेल. हे सगळं हाताळताना हातमोजे घाला किंवा प्लास्टिकची पिशवी हातात चढवा, बोटाला कापलेलं असेल तर दुसऱ्याला काढायला सांगा, आणि नंतर साबणाने हात धुवा. कातडीतूनही हे शोषलं जाते.

लेबल वाचणं हे दुसरं काम. आयुर्वेदाच्या दुकानात मिळणारी बरीच नेहमीची औषधं वत्सनाभ घालूनच केलेली आहेत. त्रिभुवनकीर्ती रस आपल्याकडे सर्दी-तापाला लोक चॉकलेटसारखा मागतात, त्यात हिंगूळ, शुद्ध वत्सनाभ, सुंठ, मिरे, पिंपळी, पिंपळमूळ, टंकण असते, म्हणजे पाऱ्याचं खनिजही आलं आणि बचनागही आला. आनंदभैरव रस, हिंगुळेश्वर रस, मृत्युंजय रस यांतही वत्सनाभ आहे. महाविषगर्भ तेल तर नावातच सांगून राहिलं, ते फक्त वरून लावायचं. ही औषधं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मी रोज विकतो, चांगल्या वैद्याच्या हातात ती उपयोगाची आहेत. पण औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा 1940 च्या नियमांत अनुसूची ई-1 नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे, त्यात वत्सनाभ आहे, आणि त्यातलं द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्या" अशी सूचना हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत छापावी लागते. ती सूचना शोधा. नसेल, किंवा घटकांची यादीच नसेल, लायसन नंबर नसेल, बॅच नंबर नसेल तर ती बाटली घेऊ नका, घेतली असेल तर वापरू नका. सूचना असेल तर त्याचा अर्थ असा की बीएएमएस डॉक्टरने लिहून दिलं तेवढंच आणि तितकेच दिवस, बाजूच्या काकूंना फरक पडला म्हणून नाही.

एकाच वेळी दोन वैद्यांची औषधं चालू असतील तर दोन्हीकडच्या गोळ्या एकत्र ठेवून पहा, दोन्हीत वत्सनाभ निघू शकते आणि मग डोस नकळत दुप्पट होते. हृदयाचा आजार, ठोक्यांची गोळी, डिगॉक्सिन, बीपीच्या गोळ्या, गरोदरपण, दूध पाजणं, यातलं काहीही असेल तर वैद्याला पहिल्या वाक्यात सांगा, तो विचारेल याची वाट पाहू नका. होमिओपॅथीच्या अकोनाइटचं लोक विचारतात. वरच्या पोटेन्सीच्या गोळ्यांत मूळ द्रव्य जवळपास नसतेच, पण मदर टिंक्चर म्हणजे ज्यावर क्यू लिहिलेलं असते ती बाटली, तो खरा अर्क आहे, ती लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका आणि अंदाजाने थेंब टाकू नका.

चिनी पुडी आली असेल तर अजून सांभाळून. लेबलवर चिनी अक्षरांशिवाय काही नसते, असलं तर लॅटिन नाव असते. अकोनिटम किंवा अकोनाइट, रॅडिक्स अकोनिटी, फूझी, छुआनवू, त्साओवू, वूटोउ, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं. मोबाइलने अक्षरांचा फोटो काढून भाषांतर होते, पण अॅपने "साइड रूट" असं काही निरुपद्रवी लिहून दाखवलं तर त्यावर विश्वास ठेवून काढा चढवू नका. आणि लेबलवर नाव नाही म्हणजे आत नाही असंही नाही. युन्नान प्रांतातलं रक्त थांबवायचं एक जगप्रसिद्ध औषध आहे, 2013 मध्ये हाँगकाँगच्या आरोग्य खात्याने त्यात लेबलवर न लिहिलेली अकोनिटमची अल्कलॉइड सापडली म्हणून ते बाजारातून परत मागवलं. 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या एकाच दुकानातून घेतलेला काढा पिऊन दोन माणसं अतिगंभीर झाली आणि त्यातली एक बाई गेली. आणि 2022 मध्ये कॅनडात टोरांटोजवळ मार्कम नावाच्या शहरात तर कोणी औषध घेतलंच नव्हतं, एका हॉटेलात जेवलेले दहापेक्षा जास्त लोक आजारी पडले, मसाल्यात घातलेल्या एका आल्यासारख्या मुळाच्या पावडरीत अकोनाइट मिसळलेलं निघालं. वाळलेली, दळलेली मुळं एकमेकांत मिसळली की मग कोणालाच ओळखता येत नाहीत, पावडर तर अजिबातच नाही. म्हणून माझा साधा नियम आहे, अनोळखी मुळाची सुटी पावडर, चिनी असो का आपल्या रस्त्याच्या कडेला तंबूत मिळणारी असो, घरात येऊ द्यायची नाही. "गुडघेदुखी पंधरा दिवसांत गायब" वाली पुडी तर नाहीच.

आता बाळगुटीचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. आपल्या गुटीत अतिविष असते, सहाणेवर दोन-चार वळसे उगाळतात. अतिविष हे अकोनिटमच आहे, अकोनिटम हेटेरोफायलम, बचनागाची सख्खी बहीण, फक्त तिच्यात तो जीवघेणा अकोनिटिन गट नसतो म्हणून ती लेकरांना पिढ्यान्‌पिढ्या देत आले. ती महाग असते आणि हिमालयात कमी होत चालली आहे, म्हणून भेसळीची भीती आहे. चांगलं अतिविष बाहेरून राखाडी पांढरट, ठेंगणं, हातात घेऊन तोडलं तर खटकन तुटते आणि आत पांढरंशुभ्र पीठ, त्यात बारीक काळे ठिपके. तुमच्या गुटीच्या पेटीतलं अतिविष काळं, लांबट, चिवट दिसत असेल तर ते बाजूला काढा. सुटं विकत घेऊ नका, लायसन असलेल्या कंपनीचं पॅकबंद घ्या. खरं म्हणाल तर पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात, पाणीही नाही, तर गुटीची घाई कशाला. घरातल्या आजींना हे सांगताना भांडू नका, त्यांनी तुम्हाला हीच गुटी देऊन वाढवलंय, त्यांना एवढंच सांगा की आजी, तुमच्या वेळचा जडीबुटीवाला आणि आताचा बाजार एक नाही.

आणि ती सहाण. पूर्वी दुखऱ्या सांध्यावर, विंचू चावल्यावर बचनाग उगाळून लेप लावायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. ज्या सहाणेवर बचनाग उगाळला त्याच सहाणेवर नंतर गुटी उगाळली जाते. दगडाच्या खरबरीत अंगात ते बसून राहते, वरवर धुऊन जात नाही. अशी शंका जरी असली तरी ती सहाण गुटीसाठी बंद, नवी आणा. लेप किंवा विषगर्भ तेल लावायचंच असेल तर वैद्य सांगतील तेवढंच, खरचटलेल्या, फोड आलेल्या, भाजलेल्या जागी कधीच नाही, वर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही कारण उष्णतेने शोषण वाढते, आणि ज्या हाताने लावलं त्या हाताने पोळी खायची नाही.

आपल्या भागात एक वेगळाच घोळ आहे तोही सांगून टाकतो. पावसाळ्यात जंगलात, शेताच्या कुंपणावर कळलावी फुलते, लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं, तिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो. काही लोक तिला खड्यानाग म्हणतात आणि काही जण सरळ बचनागच म्हणतात. ती पूर्ण वेगळी वनस्पती आहे, तिच्यातलं विष कोल्चिसिन, आणि तीही त्याच ई-1 यादीत लांगली नावाने आहे. फरक असा की कळलावीत जीभ बधिर होणं हे मुख्य नाही, काही तासांनी जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात, मग मध्ये बरं वाटल्यासारखं होते आणि दोन-तीन दिवसांत किडनी, रक्तपेशी बिघडायला लागतात. म्हणून "गावचा बचनाग खाल्ला" असं कोणी म्हटलं तर डॉक्टरला दोन्ही शक्यता सांगा आणि कंदाचा फोटो किंवा कंदच दाखवा.

आता जीभ झिणझिणल्यावर काय. काढा, चूर्ण, दारू, गोळी, काहीही घेतल्यावर साधारण 10 मिनिटांपासून 2 तासांच्या आत, क्वचित त्याहून उशिरा, ओठ-जीभ-घसा झिणझिणणं, मग बधिर होणं, हातापायाला मुंग्या, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ, उलटी, पोटात कळ, हातपाय गळणं, डोळ्यासमोर अंधारी, छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं वाटणं. नुसती जीभ झिणझिणली तरी पुरे, पुढच्या लक्षणाची वाट पाहायची नाही, कारण पुढचं लक्षण कदाचित हृदय बंद पडणंच असेल.

तोंडात असेल ते थुंका, चूळ भरा. 108 लावा. ॲम्ब्युलन्सला वेळ लागत असेल तर शेजाऱ्याची गाडी काढा, पण रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही आणि त्याला दुचाकीवर मधे बसवून न्यायचं नाही, वाटेत शुद्ध हरपू शकते. घशात बोट घालून उलटी करवू नका. तूप, दूध, मिठाचं पाणी, लिंबू, टाकणखार, काही पाजू नका, तूप हा उतारा म्हणून घरोघरी सांगतात, पण बेशुद्ध होत असलेल्या माणसाच्या फुप्फुसात ते गेलं तर दुसरं संकट. झोपवून ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावत बसू नका, जिथे आयसीयू आणि हृदयाचा मॉनिटर आहे तिथेच न्या. नागपुरात मेडिकल म्हणजे जीएमसी, मेयो, मिहानचं एम्स, किंवा घराजवळचं आयसीयू असलेलं कोणतंही मोठं हॉस्पिटल, जे सगळ्यात लवकर गाठता येईल ते. महालातून निघालात तर मेयो का मेडिकल यावर चर्चा करत थांबू नका.

सोबत काय न्यायचं: पुडी, डबा, उरलेला काढा एका बाटलीत, चोथा पिशवीत, आणि किती वाजता किती घेतलं ते कागदावर. कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य हे बोला: "बचनाग म्हणजे अकोनाइट पोटात गेलंय, ईसीजी काढा." नाहीतर उलट्या पाहून फूड पॉइझनिंग समजलं जाऊ शकते आणि तासभर वाया जाते. लाजू नका, जडीबुटी घेतली म्हणून डॉक्टर ओरडतील ही भीती नको, आणि विषबाधेची केस म्हणून एमएलसी होईल, पोलीस नोंद घेतील, ती रीतच आहे, त्यासाठी लपवू नका.

डॉक्टरांना माहीत असतेच, पण घरच्यांनीही समजून घ्या म्हणजे घाबरणार नाही: याला ठरलेला उतारा नाही. पोचायला तासाभराच्या आत असाल तर कोळशाची पावडर देऊ शकतात, मॉनिटर लावतात, बीपी धरून ठेवतात, ठोके बिघडले तर ॲमिओडॅरोनसारखी औषधं देतात. शॉक दिला तरी ठोके पुन्हा बिघडतात असं यात बरेचदा होते, म्हणून ज्यांच्याकडे सोय आहे ते रक्त फिरवणाऱ्या मशीनवर म्हणजे एक्मोवर घेतात. विष शरीरातून निघून जाईपर्यंत हृदय चालू ठेवणं हाच इलाज आहे, आणि जे पहिले काही तास पार करतात ते बहुतेक एक-दोन दिवसांत सावरतात. म्हणूनच वाटेत किंवा घरी माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास घेत नसेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा, छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, थकलात तर दुसऱ्याने घ्यायचं, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. या विषात खूप वेळ सीपीआर देऊन माणसं परत आलेली आहेत, "आता काही उरलं नाही" असं आपण ठरवायचं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, 1800 116 117, चोवीस तास, तुमचा नाहीतर डॉक्टरांचा फोन तिथे जाऊ शकते. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

बरं वाटलं म्हणून तीन-चार तासांत सही करून घरी आणू नका, निदान 24 तास मॉनिटरवर राहू द्या. आणि ज्या घरात एकाने तो काढा घेतला त्या घरात बाकी कोणी घेतला का ते लगेच विचारा, फोन करून विचारा, कारण सांध्याचा काढा नवरा-बायको दोघं मिळून पितात आणि पावडर बहिणीकडेही पाठवलेली असते.

घरात सापडलेला माल काय करायचा? कोणाला देऊन टाकू नका. मूळ नेमकं कोणतं हे ओळखून घ्यायचं असेल तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात किंवा तुमच्या जवळच्या कोणत्याही आयुर्वेद कॉलेजच्या द्रव्यगुण विभागात पिशवीत बंद करून घेऊन जा आणि तिथल्या शिक्षकांना विचारा. फेकायचं असेल तर दोन पिशव्यांत गाठ मारून, वर "विष" असं मोठ्या अक्षरात लिहून, घंटागाडीत ओल्या कचऱ्यात न टाकता घातक घरगुती कचरा म्हणून वेगळं द्या. कंपोस्टच्या खड्ड्यात नको, शेगडीत जाळायचं नाही, नाग नदीत तर नाहीच नाही. विकत घेतलेल्या औषधाने त्रास झाला असेल, झिणझिणी इतकाही, तर बिल आणि पॅक जपून ठेवा आणि त्याच बॅचचा फोटो काढून 1800 180 3024 या औषधांच्या दुष्परिणामांच्या हेल्पलाइनवर कळवा, आणि ज्या दुकानातून घेतलं त्यालाही सांगा, म्हणजे त्या बॅचचं उरलेलं सामान तो शेल्फवरून काढेल. आमच्याकडे कोणी असं सांगत आलं तर आम्ही आधी ते काढून ठेवतो आणि मग डिस्ट्रिब्युटरला फोन करतो.